चाळिशीची यात्रा

जवळचें वाचण्याच्या चष्म्यास मराठींत 'चाळिशी' म्हणतात. 'चष्मा' हा शब्द फारशी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आलेला, पाहुणा. 'चाळिशी' मात्र आपली घरची. हा शब्द ज्या कोणा पूर्वजानें प्रथम उच्चारला, त्याच्या निरीक्षणाचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. माणसाचें वय चाळीसाच्या घरांत शिरलें, कीं डोळ्यांतील भिंगाची लवचिकता उणी होऊं लागते, पोथी हात लांब करून धरावी लागते, आणि एके दिवशीं हातहि पुरेनासा होतो. येथपर्यंत श्रीमंत व गरीब हा भेद नाहीं. भेद उत्पन्न होतो तो पुढें, चष्म्याच्या दुकानाची पायरी चढल्यावर.

आमचें कुटुंब दारव्ह्याचें. घरांत लहानमोठीं अकरा माणसें, चूल एक, आणि खर्चाची वही एक. ती वही माझ्याकडे. गेल्या कार्तिकांत तींत एक नवी बाब उपस्थित झाली. आमची नात आठवींत शिकते. तिला फळ्यावरचें अक्षर दिसत नाहीं, असें शाळेंतून कळलें. तिच्या वडिलांचें म्हणणें असें, कीं एकुलती एक मुलगी, चष्मा घ्यावयाचाच तर चांगल्या कंपनीचा घ्यावा. त्या चांगल्या कंपनीचें नांवहि नातीनें आधींच ठरवून ठेवलें होतें. दुसरी चाळिशी माझी. ती सहा वर्षांची जुनी, आणि ओरखड्यांनीं आंधळी झालेली.

तिसरी आमच्या वहिनींची. वास्तविक ती त्यांची नव्हेच. माझे वडील बंधू वारल्यास नऊ वर्षें झालीं. त्यांच्याच चष्म्यावर वहिनी दासबोध वाचीत. डावी काडी मोडलेली, तिच्या जागीं दोरा, आणि तो दोरा कानाला गुंडाळलेला. अक्षर दिसेनासें झालें, कीं घरांतील कोणी तरी आठवडी बाजारांतून दीडशें रुपयांची तयार चाळिशी आणून देई. ती कांहीं दिवस चाले आणि पुन्हां तो दोऱ्याचा चष्मा बाहेर निघे. वहिनींचा डोळा एकदां तपासून घ्यावा, हें अकरा माणसांपैकीं एकाच्याहि मनांत आलें नाहीं. वही माझ्याकडे होती, तेव्हां हा दोष मुख्यतः माझा. यवतमाळास जाण्याचें ठरलें तेव्हांहि वहिनी निघाल्या त्या चष्म्यासाठीं नव्हेत. पुढें कळंबास चिंतामणीचें दर्शन घडेल म्हणून निघाल्या.

दारव्हा ते यवतमाळ हें अंतर सुमारें चाळीस किलोमीटर. पूर्वीं हा प्रवास आम्ही 'शकुंतले'नें करीत असूं. मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा करीत येणारी ही अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें, मग डिझेलचें आलें, आणि आतां कित्येक वर्षें ती बंदच आहे. तिचा वेग इतका बेताचा, कीं खिडकींतून पऱ्हाटीचीं बोंडें मोजतां यावींत. हल्लीं एस.टी.चाच आधार. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट माफ, पासष्टीच्या पुढच्यांना अर्धें, आणि २०२३ पासून बायकामुलींनाहि अर्धें. त्यामुळें वहिनी फुकट, नात अर्ध्यांत व मी अर्ध्यांत, असा आमचा कारभार मोठ्या काटकसरीनें सुरू झाला. कंडक्टरानें तिकिटें देतांना, "गुरुजी, आज तर महामंडळाचं नुकसानच केलं," असा विनोदहि केला.

लाडखेड मागें पडलें. रस्त्याच्या दोहों बाजूंस कापूस फुटला होता, आणि ओट्या बांधलेल्या बायका ओळीनें वेचणी करीत होत्या. वहिनी खिडकीशीं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, यंदा पाऊस लागला वाटतं. कापूस पिवळा पडलाय." यंदा उशिरां पाऊस झालाच होता. मीं मान हालविली आणि नातीस शिकविण्याच्या कामास लागलों. वणीस जन्मलेल्या व यवतमाळांत वकिली केलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनीं वृद्धपणीं संस्कृतांत लोकमान्यांचें चरित्र रचलें, त्याचें नांव 'श्रीतिलकयशोऽर्णवः', आणि त्यास त्यांच्या मागें १९७३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हें मीं तिला सांगितलें. ती हो हो म्हणत होती. तिच्या मोबाइलवर चष्म्यांचीं चित्रें एकामागून एक सरकत होतीं.

यवतमाळांत आम्ही दत्त चौकाजवळच्या एका दुकानांत शिरलों. डाव्या हातास दिव्यांनीं झगमगणारें कांचेचें कपाट, त्यांत एकेक फ्रेम स्वतंत्र गादीवर बसविलेली. उजव्या भिंतीवर दोनशें तरी फ्रेमा दाटीनें अडकविलेल्या. आणि अगदीं मागें एका खोक्यांत उरलेल्या. नातीचे पाय आपोआप डावीकडे वळले. दुकानांतील यंत्रावर तिचा डोळा पाहिला. नंबर उणे दोन निघाला. तिनें उचललेली फ्रेम होती ९,४०० रुपयांची. काळी, चौकोनी, काडीवर सोनेरी अक्षरांत नांव. खरें सांगावयाचें तर ती तिला शोभत होती. मीं भिंतीवरून तशीच काळी, तशीच चौकोनी काढून दिली. ती १,१०० ची. नातीनें ती डोळ्यांवर न चढवितांच परत केली.

दुकानदार सरळ माणूस असावा. तो म्हणाला, "गुरुजी, कांचा दोन्हींत ९०० च्याच बसतील. दिसायचं तें सारखंच दिसेल."

या वाक्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलों. चष्मा म्हणजे तीन वस्तू. एक, डोळ्याची तपासणी, दोन, भिंगें, तीन, तीं धरून ठेवणारी चौकट. दिसतें तें पहिल्या दोहोंमुळें, आणि पैसा जातो तो तिसरीकडे. चौकटींतहि कांहीं भाग खऱ्या कामाचा असतो; तेथें अन्याय करूं नये. बिजागरी चांगली असली तर काडी ढिली पडत नाहीं. टायटॅनियमची फ्रेम हलकी, घामानें गंजत नाहीं, आणि यवतमाळच्या उन्हाळ्यांत घाम ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु या गुणांचा पैसा देऊन झाल्यावरहि ९,४०० पैकीं जी मोठी रक्कम उरते, ती त्या सोनेरी अक्षरांची. आणि तीं अक्षरें तरी करणाऱ्याचीं असतात का? इटलींतील लक्झॉटिका ही कंपनी १९६१ सालीं आगोर्दो या गांवीं निघाली. १९९९ मध्यें तिनें रे-बॅन हें अमेरिकन नांव विकत घेतलें, आणि २०१८ मध्यें ती भिंगें करणाऱ्या फ्रान्सच्या एसिलोर कंपनीशीं एक झाली. प्राडा, शनेल, जॉर्जिओ अरमानी या नांवांचे चष्मे हीच कंपनी परवाना घेऊन बनविते. म्हणजे नांव कपड्यांच्या पेढीचें, चष्मा तिसऱ्याचा, आणि दाम आपला. सरकारनेंहि चष्म्यावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा ५ टक्के केला आहे. पण नांवावरचा कर कोण कमी करणार?

मीं हें सर्व नातीस समजावून दिलें. ती म्हणाली, "आबा, वर्गांत मला ढापणी म्हणतील. निदान फ्रेम तरी चांगली असूं दे."

येथें माझी वही मिटली. कारण मीं छत्तीस वर्षें मुलें शिकविलीं आहेत, आणि एक गोष्ट मला ठाऊक आहे. आमच्या शाळेंत एकदां तपासणी होऊन कांहीं मुलांना मोफत चष्मे मिळाले होते. सगळ्यांना एकच जाड, तपकिरी चौकट. पुढें एका मुलीच्या दप्तरांत तो चष्मा मला डब्याखालीं सांपडला, कापडांत गुंडाळलेला, नवाकोरा. ती वर्षभर शेजारणीच्या वहींतून उतरून घेत होती, आणि मी तिला नक्कलबाज म्हणून उभी करीत होतों. सरकारचा तो चष्मा फुकट होता खरा. पण डोळ्यांवर न चढलेल्या चष्म्याइतका महाग चष्मा दुसरा नाहीं, हें तेव्हां मला कळलें. म्हणून नातीच्या हट्टाला मीं केवळ चैन म्हटलें नाहीं. मोबाइलवरून याहून स्वस्तांत घरपोंच येतो, असेंहि तिनें सुचविलें. तिच्यासारख्या एकाच नंबरास तें चालण्याजोगें आहे; माझ्यासारख्या द्विकेंद्री भिंगवाल्यास मात्र बाहुल्यांमधील अंतर आणि खालच्या भिंगाची उंची समोर बसून मोजून घेणारा माणूस लागतो. तें अर्ध्या बोटानें चुकलें, तर जिना उतरतांना पायरी सांपडत नाहीं.

आम्हां दोघांचा हा वाद चालला असतां दुकानदारानें सहज वहिनींना खुर्चीवर बसविलें. मीं म्हटलें होतें, "यांनाहि एखादी हजाराच्या आंतली पहा." त्यानें भिंगामागून भिंग चढविलें. शेजारीं एक शेतकरीण आपल्या पाळीची वाट पाहत होती, ती वहिनींस धीर देत म्हणाली, "घाबरू नका बाई, मले बी आदी काई दिसे ना. आता सुईत धागा ओवते." पण वहिनींना वरचीं दोन अक्षरें सोडून पुढें कांहीं दिसेना. शेवटीं दुकानदारानें भिंगें काढून ठेवलीं. "गुरुजी, आजींचा नंबर लागत नाहीं. मी चष्मा विकला तर तो पैसा वायां जाईल. आधीं डॉक्टरांना दाखवा."

त्यानें त्या वेळीं एक गिऱ्हाईक गमावलें. नातीची खरेदीहि मीं थांबविली. म्हटलें, तिचाहि डोळा एकदां तेथेंच दाखवूं. यवतमाळांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. परंतु वर्ध्यास आमची भाची असते, मुक्कामाची सोय होती, आणि वाट कळंबावरूनच जाणार होती. म्हणून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत जाण्याचें ठरविलें.

कळंबाचें चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीहून खोल आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याशीं जावें लागतें, आणि जवळच कुंड आहे. गौतमाच्या शापांतून मुक्त होण्यासाठीं इंद्रानें येथें तप केलें, अशी कथा सांगतात. त्याच शापकथेंतला तो सहस्राक्ष. नात पायरीवर थांबून म्हणाली, "आबा, हजार डोळे म्हणजे पांचशें चष्मे. सगळे भिंतीवरचेच घेतले तरी किती होतील?" मीं हिशेब करून सांगितला: कांचांसह दहा लक्ष. वहिनी हंसल्या. त्या पायऱ्या उतरतांना त्यांनीं माझा हात घट्ट धरला होता, आणि प्रत्येक पायरी आधीं पावलानें चांचपून मग तीवर भार देत होत्या. घरांत हें मला कधीं दिसलें नव्हतें, कारण घरच्या पायऱ्या त्यांना पाठ होत्या.

कळंबाहून वर्ध्यास आतां रुंद रुळांची आगगाडी जाते. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मार्गाचा हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुला झाला. शकुंतलेच्या वाऱ्यासहि न उभा राहणारा हा वेग. वर्धा नदी आली कधीं, गेली कधीं, कळलें नाहीं. गाडींत मीं नातीस व्यासरायांची हकीकत सांगितली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. प. कृ. गोडे यांनीं हिंदुस्थानांतील चष्म्याच्या इतिहासाचा शोध घेतला होता. सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथांत, विजयनगरच्या राजांचे गुरु व्यासराय चष्मा लावून पोथी वाचीत असल्याचा उल्लेख आहे, तो त्यांनीं पुढें आणला. काळ सोळाव्या शतकाचा आरंभ. त्या वेळीं ही वस्तु केवढी दुर्मीळ असेल! राजगुरूच्या नाकावरची ती वस्तु आज दारव्ह्याच्या आठवडी बाजारांत भाजीच्या शेजारीं गोणपाटावर मांडलेली असते. मला हें मोठें भाग्य वाटतें. आणि त्या भाग्यांतच वहिनींचा डोळा कसा चुकला, हेंहि मला दुसऱ्या दिवशीं कळलें.

रुग्णालयांत दोघींच्या डोळ्यांत औषध घातलें. बाहुली विस्तारल्यावर मग तपासावयाचें, म्हणून बराच वेळ बसावें लागलें. नातीचा नंबर यंत्रावर उणे दोन आला होता, तो येथें उणे सव्वा निघाला. डॉक्टरीणबाईंनीं समजाविलें, कीं लहान मुलांचा डोळा तपासणीच्या वेळीं स्वतःच जोर करतो आणि नंबर फुगवून दाखवितो; औषधानें तो जोर सैल पडतो. म्हणजे आम्ही यवतमाळांत ती ९,४०० ची फ्रेम घेतली असती, तर तींत चुकीचें भिंग मोठ्या थाटानें बसलें असतें.

वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यांत बराच पिकलेला. "इतके दिवस काय लावीत होतां?" असें बाईंनीं विचारलें. वहिनींनीं पिशवींतून तो दोऱ्याचा चष्मा काढून दाखविला. बाईंनीं तो उलटसुलट पाहिला, कांहीं बोलल्या नाहींत, आणि परत दिला. मीं त्या वेळीं खिडकीबाहेर पाहिलें. बाजारांतली तयार चाळिशी वाईट नव्हे. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि दुसरा विकार नसेल, तर ती आपलें काम करते. पण ती घेतली, कीं डोळ्याची व्यवस्था झाली असें सर्वांस वाटतें, आणि तपासणी राहते. आम्ही दीडशें रुपयांत वहिनींचा चष्मा घेत नव्हतों. आमच्या मनाची समजूत विकत घेत होतों.

औषधाचा अंमल उतरेपर्यंत वहिनींजवळ भाची बसली, आणि मी नातीस घेऊन आश्रम पाहावयास गेलों. महात्माजी १९३६ सालीं येथें, तेव्हांच्या शेगांवांत, राहावयास आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, चटई, बैठें मेज. नातीस डोळ्यांतील औषधामुळें ऊन सोसत नव्हतें. ती पदराची सावली करावी तशी ओढणी धरून उभी होती. महात्माजींचा एक चष्मा या आश्रमांत जपून ठेवलेला होता. तो चोरीस गेल्याचें २०११ मध्यें उघडकीस आलें. २००९ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांचा दुसरा एक चष्मा, घड्याळ, चपला, वाटी व ताटली हें सर्व मिळून १८ लक्ष डॉलरांस गेलें. आणि २०२० च्या ऑगस्टांत इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें आणखी एक चष्मा, जो कोणीं पाकिटांत घालून लिलावघराच्या टपालपेटींत टाकून दिला होता, २ लक्ष ६० हजार पौंडांस विकला गेला. ऐकून नात म्हणाली, "म्हणजे नांवाचेच पैसे ना, आबा? मग मला कां रागावतां?" मला उत्तर सुचलें नाहीं. गोल फ्रेम तर यवतमाळच्या त्या झगमगत्या कपाटांतहि होती.

मोतीबिंदूवर चष्मा चालत नाहीं. डोळ्यांतलें गढूळ भिंगच काढावें लागतें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत या शस्त्रक्रियेचें वर्णन आहे. परंतु त्या रीतींत गढूळ भिंग बाजूस सारलें, कीं डोळा भिंगावांचून राही. त्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याची युक्ति लंडनच्या हॅरॉल्ड रिडले या शस्त्रवैद्यानें १९४९ सालीं प्रथम केली. युद्धांत विमानाच्या खिडकीचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊन रुतले, तरी डोळा त्यांवर चिडत नाहीं, हें पाहून त्यास ती सुचली. पुढें बरींच वर्षें हीं भिंगें परदेशांतून येत व गरिबास परवडत नसत. १९९२ सालीं मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनीं अरोलॅब हा कारखाना काढला आणि तेंच भिंग आयात मालाच्या लहानशा अंशांत करून दिलें. येथें स्वस्त वस्तु महाग वस्तूच्या बरोबरीनें उभी राहिली, आणि कोणी तीवर सोनेरी अक्षरें शोधीत नाहीं. डोळ्याच्या आंत तीं दिसणार तरी कोणास?

परततांना यवतमाळच्या त्याच दुकानांत गेलों. माझ्या जुन्या फ्रेमींत नवीं द्विकेंद्री भिंगें बसविलीं. नातीनें भिंतीवरचीच एक फ्रेम निवडली. १,१०० ची नव्हे, २,२०० ची, निळसर. ती रोज डोळ्यांवर राहते. "कॉलेजांत गेल्यावर ती सोनेरी अक्षरांची घेईन," असें तिनें मला बजावून ठेवलें आहे, आणि तेव्हां वही कोणाकडे असेल तें मी सांगूं शकत नाहीं.

वहिनींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मार्गशीर्षांत झाली. जाण्यायेण्यासह सारा खर्च त्या ९,४०० च्या आंतच बसला. दुसऱ्या दिवशीं पट्टी निघाली, आणि चार दिवसांनीं आम्ही एस.टी.नें घरीं निघालों. यवतमाळ सोडल्यावर शेतें सुरू झालीं. शेवटची वेचणी राहिली होती. पऱ्हाटीवर थोडथोडा कापूस होता. वहिनी काळ्या चष्म्याआडून बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनीं तो क्षणभर वर केला.

"भाऊजी, हा कापूस दर वर्षीं इतकाच पांढरा असतो का हो?"

मीं म्हटलें, "हो, वहिनी."